बाबांना खाली उतरवलं ती दुपार

परळला भाजी घेऊन परतताना अग्निशमन केंद्रापाशी माझे पाय आपसूक रेंगाळतात. परवाही तसंच झालं. मागच्या उंच मनोऱ्यावरून धुतलेले पाण्याचे पाइप वाळत लोंबत होते आणि ओल्या कॅनव्हासचा, किंचित धुरकट वास रस्त्यापर्यंत येत होता. त्या वासानं मला डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत नेऊन सोडलं.

तेव्हा मी कॉलेजात होते. बाबांची उजवी बाजू अर्धांगानं गेलेली, आई कामावर. जेवण उरकून मी भांडी विसळत होते, तोच खालच्या गादीवाल्याच्या दुकानातून धूर वर आला. लाकडी जिना बघता बघता काळा झाला. बाबांची उमेद गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात गेलेली. ते म्हणाले, "रुई पेटलीय. ती भडकत नाही, आतल्या आत धुमसते. चादर ओली कर, दाराच्या फटीला लाव." मी लावली. मग ते शांतपणे म्हणाले, "आता तू गॅलरीतून शेजारच्या चाळीत उतर. माझं काय, मी असाच." मी त्यांच्या खाटेजवळ बसून राहिले. आमचं बोलणं तसं कमीच असायचं. त्या क्षणीही मी फक्त त्यांचा हात धरला.

खाली घंटा वाजली. चाळीत सगळे 'बंब आला, बंब आला' म्हणत होते. घोडे जाऊन इंजिनं आली, पितळी टोप जाऊन नवी शिरस्त्राणं आली, पण आमच्या गिरणगावात त्या गाडीला बंबच म्हणायचे. शिडी गॅलरीच्या कठड्याला टेकली आणि दोन जवान वर आले. "आधी तुम्ही उतरा," त्यांतला थोराड जवान मला म्हणाला. मी म्हटलं, "आधी बाबा." तो म्हणाला, "ताई, तुम्ही खाली उभ्या दिसलात ना, तर त्यांना धीर येईल." मला ते पटलं. दुसऱ्या जवानानं मला उतरवलं.

मग त्या थोराड जवानानं बाबांना दोरानं पाठीशी बांधलं आणि एकेक पायरी चाचपत तो उतरू लागला. मान वर करून मी बघत होते. अर्ध्या शिडीवर बाबांचा आवाज ऐकू आला, अडखळता पण स्पष्ट, आमच्या मालवणीत, "गाव खंयचो तुमचो?"

"कणकवलीकडचो. आता गप ऱ्हवा, काका. खाली बघू नकात."

पाय जमिनीला लागले तेव्हा बाबांनी डाव्या हातानं त्या जवानाच्या गालावरची काजळी पुसली, घरच्या माणसाची पुसावी तशी.

दुसऱ्या दिवशी आई घावनांचा डबा घेऊन केंद्रावर गेली, मीही गेले. तो जवान सहकाऱ्यांसोबत पाइप धूत होता. "हे सगळ्यांचं काम, मावशी," म्हणत त्यानं डबा सगळ्यांपुढे केला. एक घास होतो न होतो तोच आगीची वर्दी आली. हात तसेच पँटला पुसून ते गाडीत चढले, आणि आम्ही दोघी रिकाम्या केंद्रात उभ्या राहिलो. आपल्याला वाचवणारी माणसं आपल्यापाशी थांबत नाहीत, दुसऱ्या कुणाच्या तरी दाराकडे निघून जातात, हे तेव्हा उमगलं.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. खाटेवरून ते मला गावच्या गोष्टी सांगायला लागले, त्यांच्या आईच्या, संपाच्या दिवसांतल्या भुकेच्या, मी जन्मले तेव्हा त्यांनी गिरणीत वाटलेल्या पेढ्यांच्या. माझ्या मुलीला त्यांनी मांडीवर घेतलं. चाळ गेली, तिथं आता टॉवर आहे. बाबाही गेले. पण आज त्यांना आठवू लागले की ध्यानात येतं, मला ठाऊक असलेले बहुतेक बाबा त्या दुपारनंतरचे आहेत.