पाल्याने बरी झालेली जमीन

बाळकुममध्ये शेवंतीबाई भोईरांना जो ओळखत नाही, तो नुकताच राहायला आलेला असणार. गावातल्या बहुतेक शेतांवर टॉवर उभे राहिले, पण शेवंतीबाईंनी विहिरीलगतचे बारा गुंठे सोडले नाहीत. दिवाळीनंतर तिथं वांगी लागतात आणि ती घ्यायला घोडबंदर रोडवरून लोक येतात.

मध्ये दोन हंगाम मात्र वांगी खुडायची वेळच आली नाही. रोपं गुडघ्याएवढी व्हायची आणि पिवळी पडून माना टाकायची. उपटून पाहिलं तर मुळांवर आल्याच्या गड्ड्यासारख्या गाठीच गाठी. डोळ्यांना न दिसणारे कृमी मातीतून मुळांत शिरतात, त्यांच्या या गाठी. दुकानातलं औषध ओतून झालं, काही फरक नाही.

मुलगा रवींद्र म्हणाला, "आई, जमीनच खराब झालीय. आता बस कर. गाड्या लावायला देऊन टाकू."

"खराब नाय झाली. आजारी पडलीय," एवढंच त्या बोलल्या.

त्याच शेतात विहिरीकडच्या कोपऱ्यात सहा रोपं तरारून उभी होती. शेवंतीबाई दोन दिवस नुसत्या बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मन घट्ट करून त्यांनी त्यातलं एक फुलावर आलेलं रोप उपटलं. मुळं पांढरी, स्वच्छ! मग त्यांना आठवलं. म्हैस विकली तेव्हा तिच्यासाठी आणलेला फ्लॉवरचा पाला उरला होता, तो लागवडीआधी त्यांनी त्याच कोपऱ्यात गाडला होता.

पुढच्या ऑक्टोबरात त्या रोज सकाळी नाक्यावरच्या भाजीवाल्या लक्ष्मीकडे जाऊ लागल्या. फ्लॉवर-कोबीची बाहेरची पानं, मुळ्याचा पाला ती फेकूनच द्यायची. शेवंतीबाई तो गोणीत भरून रिक्षाने आणायच्या, ताजा असतानाच कोयत्याने बारीक तोडायच्या, वीतभर खोल मातीत मिसळून पाणी द्यायच्या. वर प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबायच्या. पण हे सगळं अर्ध्याच शेतात.

"सगळीकडे का नाही?" रवींद्रने विचारलं.

"मग कळणार कसं, पाल्यानं झालं का नशिबानं?"

चौथ्या दिवशी शेजारच्या इमारतीतली संचिता तावातावाने खाली आली. "मावशी, केवढा घाण वास! खिडकी उघडता येत नाही. मी कम्प्लेंट करणारे."

"वास हाय तेच औषध, पोरी. पण तो मातीत राह्यला पायजे, तुझ्या घरात कशाला? प्लास्टिक फाटलं असंल. चल, बघू."

दोघींनी शोधलं. बांधाकडे हातभर चीर सापडली. शेवंतीबाईंनी तिच्यावर दुसरं प्लास्टिक टाकलं आणि संचिताने चपला काढून हाताने माती ओढली.

तीन आठवड्यांनी प्लास्टिक निघालं. दहा दिवस माती उघडी ठेवून मग रोपं लावली. जानेवारीत शेवंतीबाईंनी रवींद्र आणि संचिता दोघांना शेतात बोलावलं आणि दोन्हीकडचं एकेक रोप उपटलं. बिनपाल्याच्या बाजूचं गाठींनी सुजलेलं. पाल्याच्या बाजूच्या मुळांवर शोधून दोन-तीन बारीक गाठी.

रवींद्र ती मुळं बराच वेळ हातात धरून होता. "आई, पुढच्या वर्षी अख्ख्या शेतात करू," तो म्हणाला. "गोण्या मी आणतो."

संचिताने इमारतीत सगळ्यांना सांगितलं, फ्लॉवरचा नि मुळ्याचा पाला कचऱ्यात टाकू नका, मावशींना द्या.

गेल्या वर्षी कल्याणकडच्या गावांतल्या भाजी पिकवणाऱ्यांचा मेळावा होता; शेवंतीबाईंनाही बोलावणं होतं. तिथं कृषी अधिकाऱ्यांनी समजावलं की हा पाला मातीत कुजताना उग्र वायू सुटतो आणि त्याने कृमी मरतात. मग त्यांनी शेवंतीबाईंना व्यासपीठावर बोलावलं. "तुम्हाला हे शिकवलं कुणी?"

"कुणी नाय. मी उपटून बघितलं."

सभा हसली, पण शेवंतीबाई हसल्या नाहीत. त्या माईकवर स्पष्ट म्हणाल्या, "कृमी सगळे मरत नाय. दरसाल पाला गाडावा लागतो. आळस केला तर परत गाठी." मग टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसलेला रवींद्र सगळ्यांच्या आधी उभा राहिला.

यंदा त्या मेळाव्यातल्या अकरा जणांनी पाला गाडलाय. शेवंतीबाई खोपटच्या डेपोतून एसटी धरून एकेकाच्या शेतात जातात. परवा विश्राम नावाच्या शेतकऱ्याने आपली भेंडी अभिमानाने दाखवली. त्यांनी भेंडीला हात लावला नाही, पदर खोचून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "एक झाड उपट. मुळं दाखव."