कोळशावरची मोटार

भुसावळच्या दलालाने मला फसवले. लढाईत पेट्रोल मिळेना, म्हणून त्याने माझ्या मोटारीला कोळशाच्या गॅसची भट्टी नवी म्हणून बसवली. "यापुढे मोटारी कोळशावरच धावणार, नाना," म्हणाला. मी भाव अर्ध्यावर आणला आणि त्याच खुशीत भट्टी तपासली नाही.

थंडीत जळगावहून धुळ्याला निघालो. मागचे पडदे घट्ट बांधले होते. "तुनी मोटार शे का चूल शे?" मागे बसलेली माझी थोरली बहीण, अक्का, म्हणाली, तसे उतारू हसले. पारोळ्यानंतर मागे कुणी बोलेना. मला ती शांतता बरी वाटली. धुळ्याला पडद्याच्या गाठी सोडल्या, तर सगळे बसल्या जागी झोपलेले, गाल गुलाबी. धूर नव्हता, वास नव्हता. हलवल्यावर बाकीचे ओकत उठले. अक्का उठली नाही.

मग भट्टी तपासली, तर गॅस गळणाऱ्या सांध्यात माती भरून वर रंग दिला होता. तो कुणी दिला, हे दलालाने माझ्यासमोर उभे राहून सांगावे.