डायनिंग हॉलचे दिवे

आमच्या यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. सदर भागातल्या जुन्या हॉटेलातला डायनिंग हॉल, स्वतः केलेले सगळे दिवे लागलेला, एकदा डोळ्यांनी पाहायचा. बाकी ना बंगला मागितला, ना गाडी.

हे म्हणजे बळीराम गजभिये. फर्निचर आणि दिवे डिझाइन करतात. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकले, ड्रॉइंग स्वतःच्या जिवावर शिकले. मिस्त्री म्हणा, चालतं. 'इंटेरियरवाले' म्हटलं की नाकाचा शेंडा लाल होतो. नाकावर माशी बसू देणारा माणूसच नाही तो. एकदा गिऱ्हाईकाचं स्टूल एका पायात केसभर हलतं म्हणून घरी परत आणलं होतं. गिऱ्हाईक बिचारं म्हणत होतं, राहू द्या ना.

ते हॉटेल इंग्रजांच्या काळातलं. कवेलूचं, म्हणजे कौलांचं, उतरतं छप्पर, खाली ते पेलणाऱ्या सागवानाच्या भल्यामोठ्या तिकोनी कैच्या. कित्येक वर्षं बंद होतं, आत कबुतरांचंच राज्य. पुष्कर नावाच्या एका तरुण माणसानं ते घेतलं आणि खुर्च्या, टेबलं, दिवे असं सगळं काम यांच्याकडे दिलं. त्या दिवशी हे घरी आले ते चप्पल न काढताच सोफ्यावर बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

खुर्ची त्यांनी इतकी रुंद काढली की वर मांडी घालून बसता यावं. पुष्कर हसला, म्हणाला, भाऊ, इथे साहेब लोक येतील. हे म्हणाले, "येऊ दे नं. आपल्याकडचा माणूस पोटभर जेवला की पाय वर घेते. साहेबही घेईन." खुर्ची तशीच झाली.

पण खरा जीव दिव्यांत होता. खापा गावच्या विणकराकडून सुती कापड आणलं, त्याच्या शेड शिवून घेतल्या. दिवे ओळीनं कैच्यांना टांगायचे. दाराशी सगळ्यात आखूड दोरी, मग थोडी लांब, मग आणखी लांब. माणूस आत आत जाईल तसा उजेड खाली येईल आणि शेवटच्या टेबलावर ताटाला टेकेल. हे मला त्यांनी स्वयंपाकघरात पोळपाट-लाटणं मांडून समजावलं. माझी कणीक तशीच पडून राहिली.

मग नमुन्याचा दिवा घरी आला आणि तिथेच घोडं अडलं. यांनी बल्ब लावला, काढला. त्याहून मोठा लावला. तोही काढून आणखी मोठा.

"अवो, लग्नाचा मंडप आहे का हा?" मी म्हटलं. "डोळे दिपून राहिले माझे."

"अंधुक आहे वं," ते म्हणाले.

ज्या माणसाच्या दिव्याखाली बसलं की बोलणारा आपोआप हळू बोलतो, त्याला हा अंधुक वाटत होता! मग मला एकेक आठवू लागलं. दाराच्या चौकटीला खांदा लागणं. शेजारून गेलेल्या माणसाला ओळख न देणं. किती दिवस ताकास तूर लागू दिली नव्हती या माणसानं. मी भांडून त्यांना धंतोलीच्या डॉक्टरकडे नेलं.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायचा प्रयत्न करू. यांनी एवढंच विचारलं, "दिवाळीपर्यंत टिकन का?" दिवाळीला हॉटेल सुरू व्हायचं होतं. डॉक्टर थेंबांबद्दल बोलत राहिले.

घरी आल्यावर मला बजावलं, "कोणाले सांगू नको. आंधळ्याले दिव्याचं काम कोण देते?" मी कबूल केलं. काय करणार? लोकं अशा वेळी देवाशी भांडतात. आम्ही बौद्ध, आमच्या घरात तीही सोय नाही.

दिवाळी आली आणि गेली. छप्पर कवेलूचंच ठेवायचं की बदलायचं, यावरून जुन्या इमारतीची परवानगी अडकली. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर. मी पुष्करला दोनदा फोन केला, जरा घाई करा म्हटलं. "काकू, तुम्हाला कशाची घाई आहे?" त्यानं विचारलं. सांगता येत नव्हतं. असा राग आला त्याचा! खरं म्हणजे त्याची काही चूक नव्हती.

मधल्या काळात ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. चहूबाजूंनी मिटत चाललं होतं. एकदा जेवताना माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं तोंड दिसते, कान नाही दिसत."

"कधी पाहिले होते कान?" मी म्हटलं. "नव्या रिंगा आठ दिवसांनी दिसल्या होत्या तुम्हाले."

हसले. मग मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

परवानगी आली ती उन्हाळ्यात, वरातीमागून घोडं. दिवे टांगायला हे जाऊच शकत नव्हते, शिडीजवळ उभे राहिले असते तरी गोष्ट फुटली असती. पाठदुखीचं निमित्त करून वायरमनला, ओमप्रकाशला, फोनवरच सगळं सांगितलं. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी पुष्करनं बोलावलं. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. फाटकाशी माझा हात सोडवला, म्हणाले, लोक पाहतात. मी अर्धं पाऊल पुढे चालत राहिले.

ओमप्रकाशनं बटण दाबलं. काय सुंदर उजेड होता! आणि सगळा उलटा. लांब दोरीचा दिवा दाराशी, उंच माणसाच्या कपाळावर आदळेल असा, आणि आत आत जावं तसे दिवे वर वर चाललेले. शेवटचं टेबल अर्धं अंधारात. माझ्या तोंडाशी शिवी आली होती.

हे मान वर करून मधल्या दिव्याखाली उभे होते. तेवढाच दिसत असेल, तोही दिसत असला तर. ओळ उलटी केली तरी मधला तिथेच राहतो. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. मले पाहिजे होतं तसंच झालं."

पुष्करनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे मी असेन तिकडे, वळून विचारलं, "कसं वाटते वं?"

"तुम्ही म्हणता तसंच," मी म्हटलं.

पुष्कर त्यांना खुर्च्या दाखवायला घेऊन गेला. मी ओमप्रकाशला व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, दिवे उलटे लागले आहेत, आज रात्रीच उतरवून नीट लाव.

तो चक्रावला. "पण वहिनी, भाऊनं तर आत्ता पास केलं नं. ते कधी काही पास करते का सहजी?"

"त्यायले दिसत नाही," मी म्हटलं.

ओमप्रकाश शिडी आणायला गेला. मी आत गेले. हे खुर्चीवर मांडी घालून बसले होते आणि पुष्करला सांगत होते, पुढचं काही काम असलं तर कळव.