डाळिंबाची चाळीस दिवसांची चोरी

सांगलीतील माझ्या घराच्या परसात त्या काळी डाळिंबाची पाच झाडे होती, आणि पाचांची कुळे वेगळी होती. एक म्हसवडकडून आणलेले, अल्प जलावर तपश्चर्या करणारे. एक आळंदी जातीचे. दाण्यांचा रंग तेजस्वी, पण बी असे कठीण की खाणाऱ्याने आधी आपल्या दातांची अनुमती घ्यावी. पाठशाळेतून निवृत्त झाल्यावर देवापुढे ठेवायची फळे स्वतः पिकवावीत, एवढाच माझा संकल्प होता. परंतु संग्रहाची ओढ ही वासनाच, आणि तिला सोवळे नेसवले म्हणून ती शुद्ध होत नाही. मला सहावे झाड हवे होते.

ते झाड तासगावला, एका वृद्ध जैन धान्यव्यापाऱ्यांच्या अंगणात होते. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत, म्हणून मीही म्हणे. फळ बाहेरून इतके फिकट की अनोळखी माणूस त्याकडे वळूनही पाहणार नाही. आत गुलाबीसर पांढरे दाणे, आणि बी एवढे मऊ की हिरड्यांनी चिरडावे. आप्पांना हिरड्याच उरल्या होत्या. वर्षभरात ते आवडीने खात, असे हे एकच फळ.

मोठ्या दुष्काळानंतर पाऊस बरा झाला, त्या वर्षी त्यांच्या मुलाने द्राक्षे लावली आणि अंगणात बेदाण्याची शेड घालायचे ठरवले. दसरा झाला की झाडावर कुऱ्हाड पडणार होती.

"आप्पा, बाजारात डाळिंबं काय कमी हायत?" मुलगा माझ्यासमोरच म्हणाला.

"लय हायत. पण ती तुझ्या दातांची हायत."

झाडाचा वंश राखायचा तर बियांचा उपयोग नव्हता. पूर्वी आप्पांनी दिलेल्या बियांपासून मी रोपे केली होती. फळे आली ती आंबट आणि दगडासारख्या बियांची. थोर पंडितांची मुले चाळीस वर्षे शिकवलेल्या माणसाला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. फांदीच हवी होती. मी विनयपूर्वक मागितली.

आप्पांनी कानांवर हात ठेवले. "आवं गुरुजी, दिलेली फांदी जगत न्हाई. सात जणांना हातानं दिली, साती जळाल्या. डाळिंब चोरून न्यावं लागतंय."

"आप्पा, अस्तेय हा आमच्याकडे यमांपैकी एक आहे."

"आमच्याकडं अणुव्रत हाय. म्हणून तर मी चोरत न्हाई. तुमी चोरा."

मी त्यांच्या निदर्शनास आणले की त्यांच्याच शास्त्रानुसार दुसऱ्यास चोरीस प्रवृत्त करणे हाही व्रताचा दोष आहे. त्यांनी बराच वेळ विचार केला. "मग मी कुठं म्हटलं चोरा म्हणून? मी आपलं झाडाची रीत सांगितली."

दोन धर्मांच्या दोन वृद्धांनी एका फांदीपायी आपापल्या आचार्यांना असे वेठीस धरल्यावर पुढचा मार्ग सुकर झाला. मी चोरी करायचे ठरवले. आप्पांनी ते न ऐकण्याचे ठरवले.

अडचण अशी, की नुसती छाटलेली फांदी माझ्या हातून अनेकदा सुकली होती. गुटी बांधणेच श्रेयस्कर. गुटी म्हणजे झाडावरच्याच फांदीची बोटभर साल काढून तिथे शेणमाती लिंपायची, वर गोणपाट गुंडाळायचे, आणि मुळे फुटेपर्यंत ते ओले ठेवायचे. यास सुमारे चाळीस दिवस लागतात. इतकी दीर्घ, आणि मालाच्या जागीच बसून करायची चोरी धर्मशास्त्रात कोणी कल्पिलेली नसावी.

श्रावणातल्या एका रविवारी मी एस.टी.ने गेलो आणि भर सकाळी तीन गुट्या बांधल्या. आप्पा ओट्यावर वाचनात दंग होते. पोथी उलटी धरलेली होती. पुढच्या रविवारी गेलो तर गोणपाट ओलेचिंब.

"पाणी कोणी घातले?"

"मी झाडाला घालतोय रोज. मधे काय आलं तर त्याला मी काय करू?"

तिसऱ्या रविवारी त्यांची सून चहा घेऊन आली. "गुरुजी, चोरी कुठवर आली?" शेजारचे आजोबा तर मला एस.टी.च्या थांब्यावरच विचारू लागले, "काय, निघालासा दरोड्याला?" पाठशाळेत ज्याच्या सचोटीचे दाखले दिले जात, तो मी मान खाली घालून "होय" म्हणत असे.

नवरात्राच्या तोंडावर मुळे गोणपाटातून डोकावू लागली. मी करवत घेऊन गेलो, तेव्हा आप्पा भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून सामायिकाला बसले होते. त्या ध्यानात संसाराकडे लक्ष द्यायचे नसते. मी डावीकडच्या फांदीला करवत लावली.

"ती नगं," भिंतीकडून आवाज आला. "तिची मुळं अजून पांढरी हायत. उजवीकडच्या दोन न्या."

मी उजवीकडच्या दोन नेल्या. रीतीप्रमाणे उपकार मानायचे नव्हते, म्हणून निरोपही न घेता बाहेर पडलो. दसऱ्यानंतर झाड पडले. राहिलेली तिसरी गुटी त्याच्याबरोबरच गेली.

माझ्या परसात एक रोप पहिल्याच उन्हाळ्यात सुकले. दुसरे जगले. तिसऱ्या वर्षी त्याला पाच फळे लागली. त्यातली दोन देवापुढे ठेवली आणि तीन पिशवीत घालून तासगाव गाठले. एस.टी. वाटेत बिघडली, त्यामुळे पोचेपर्यंत उन्हे कलली होती. आप्पा सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नसत.

फळ पाहून त्यांचे डोळे पाणावले. हात पुढे आला, आणि तसाच मागे गेला.

"गुरुजी, चोरीचा माल घेणं हाबी दोषच की."

हे मला सुचायला हवे होते; तो नियम व्रतदोषांच्या त्याच सूचीत लगेच पुढे येतो. मी म्हणालो, मालकालाच परत मिळाले तर तो चोरीचा माल कसा? ते म्हणाले, झाडाचा मालक मी, फळाचा तुमी. मी स्वामित्वाचा प्रश्न काढला, त्यांनी हेतूचा काढला. आम्ही दोघेही रंगात आलो होतो. ऊन अंगण सोडून शेडच्या पत्र्यावर चढले होते.

इतक्यात सुनेने पिशवीतले फळ उचलले, फोडले, दाणे वाटीत काढले आणि वाटी सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली.

"मामंजी, गुन्हा फांदीचा. फळानं काय केलंय? वाद उद्या घाला. उजेड हाय तवर खावा."

आप्पांनी एकवार माझ्याकडे, एकवार पश्चिमेकडे पाहिले आणि मूठभर दाणे तोंडात टाकले. हिरड्या हलू लागल्या. दुसरे फळ सुनेने न विचारताच फोडले.

"कसे आहे?" मी शेवटी विचारले.

"सांगलीचं पाणी जरा पचपचीत," ते म्हणाले. वाटी पुसून खाल्ली आणि पदराने हात पुसणाऱ्या सुनेकडे रिकामी दिली. "पुढच्या साली लवकर या गुरुजी. दुपारच्या गाडीनं."