घासलेली पीन

देवपुरातल्या हिलालला माणसं जुळवायला कधी जमलं नाही. रेडिओ मात्र जुळवायचा. जिनिंगमधली फिटरकी सांभाळून तो भंगारातून सेट बांधी, आणि त्याचा अर्धा जन्म प्लग अन् भोकांशी भांडण्यात गेला. एका कंपनीची पीन दुसरीच्या भोकात शिरेल तर शपथ. "सोयरीक जमत नाही, तर बाजारात येता कशाला?" असं तो बॅटरीलाच दरडावी.

बेचाळीस साली त्याचा थोरला भाऊ चुडामण भूमिगत झाला. पोलीस दोनदा घर उलथंपालथं करून गेले. चोरट्या रेडिओवर धरपकड झालेल्यांची नावं सांगतात, असं कुणीतरी वहिनीच्या, वच्छलाबाईच्या, कानावर घातलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती सेटसमोर बसायची. नाव आलं नाही की उठून भाकरी थापायला घ्यायची.

सेटला बॅटऱ्या दोन. मोठी नव्वद व्होल्टची, धाकटी दोनची, सेटमधले काचेचे नाजूक व्हॉल्व्ह पेटवायला. धाकटीचा प्लग मुद्दाम जाड, चुकूनसुद्धा मोठीत जाऊ नये म्हणून. पण लढाईच्या टंचाईत धाकटी मिळाली ती भलत्याच कंपनीची, बारीक भोकांची. हिलालनं कानस घेतली आणि प्लगच्या पिना घासून बारीक केल्या. झालं, आता कुठलाही प्लग कुठंही शिरे. मग ओळख म्हणून मोठीच्या प्लगला त्यानं कुंकवाचा ठिपका लावला, धाकटीच्या प्लगला हळदीचा.

आली खंडेनवमी. वच्छलाबाईनं पान्हे, कानस, हातोडी पुसून पाटावर मांडली. सेटचे दोन्ही प्लगही तिनं मांडले आणि सगळ्यांना मनोभावे हळदकुंकू वाहिलं. कामावरून आलेल्या हिलालनं घाईत लाल दिसला तो प्लग मोठीत खुपसला, तो नेमका धाकटीचा. चारही व्हॉल्व्ह लख्खकन पेटले आणि मेले.

"काय व्हयनं, भाऊ?"

"तुम्हना कुंकूनी घात कया, वहिनी."

वच्छलाबाईचा हात कपाळाकडे गेला आणि तिथंच राहिला. नवरा जिवंत आहे की नाही याचा पत्ता नसलेल्या बाईला हिलाल हे बोलला होता. बोलतानाच त्याला ठाऊक होतं, पीन घासली नसती तर कुंकवात बुडवूनही तो प्लग मोठीत गेला नसता. पण कबूल करायला जीभ वळेना. फिटर माणूस, चुकलो कसं म्हणायचं? पुढच्या खंडेनवमीला वहिनीनं त्याच्या हत्यारांना हात लावला नाही.

चव्वेचाळीसला चुडामण सुखरूप घरी आला. जेवताना वच्छलाबाईच हसत सांगू लागली, "मन्हा कुंकूनी यास्ना रेडिओ जळी गया."

हिलालनं हातातला घास ताटात ठेवला. "चूक मन्ही शे, वहिनी. पीन मी घासेल व्हती."

"कोनती पीन?" चुडामणनं विचारलं.

हिलाल उठला, प्लग घेऊन आला. जाड काय, बारीक काय, कानस कुठं फिरवली, सगळं दाखवलं. घाम फुटेस्तोवर बोलला. वच्छलाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याचं ताट त्याच्यापुढं सरकवत म्हणाली,

"पीनमधलं माले काय समजस, भाऊ? पन तो कुंकूना बोल मातर बराबर काळीजमा बसी गया."