उरुग्वेचा जावई

आमची मुलगी युनिव्हर्सिटीत स्पॅनिश शिकत होती. कोर्सचाच भाग म्हणून ती एक वर्ष उत्तर स्पेनमधल्या एका लहान गावात, शाळेत इंग्रजी शिकवायला गेली. त्या हिवाळ्यात एका रविवारी तिने फोनवर सांगितलं, की तिला एक मुलगा आवडतो, तो उरुग्वेचा आहे आणि बास्केटबॉल खेळतो.

मी विचारलं, "ते ठीक आहे. पण करतो काय?"

ती म्हणाली, "बाबा, तेच करतो."

फोन ठेवल्यावर आम्ही दोघं नकाशात उरुग्वे शोधत बसलो. आम्ही मूळचे नागपूरचे. मी ब्रिटनमध्ये, कार्डिफच्या सरकारी हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर होतो, ही तिथल्याच फार्मसीत. हिच्या मनात इंग्लंडमधल्या रीडिंग गावचं एक स्थळ होतं. आपल्यातलंच बौद्ध कुटुंब, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात भेटायचे. त्यांना आता काय सांगायचं, एवढंच ती दोनतीनदा म्हणाली. रागावली नाही. तिला रागवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात तो मुलगाच येऊन उभा राहिला.

स्टेशनवर मी एकटाच घ्यायला गेलो होतो. बास्केटबॉलवाला म्हणून गर्दीच्या डोक्यांवरून बघत होतो, आणि माझ्याच उंचीचा एक दाढीवाला मुलगा समोर येऊन हात जोडून म्हणाला, "शय भीम, बाबा." मागे आमची मुलगी ओठ दाबून हसत होती. त्याच्या स्पॅनिशमध्ये 'ज' नव्हता. घरी आल्यावर त्याने हिलाही तसाच नमस्कार केला, आणि हिने त्याला आधी जेवायला बसवलं. विषय तिथेच मिटला.

त्याच्या काखेत कायम एक थर्मास असायचा. त्यात नुसतं गरम पाणी. ते एका भोपळ्याच्या वाटीत, कडू पाल्यावर ओतायचं आणि धातूच्या नळीने ओढत बसायचं. त्यांच्याकडे सगळा देशच हे पितो म्हणे. पहिले दोन दिवस हिला वाटलं, याला आपला चहा आवडत नाही, म्हणून स्वतःचा घेऊन फिरतो. तिसऱ्या दिवशी त्याने हिलाही एक घोट दिला. तिने घेतला, आणि तोंड वाकडं न करता, "काढ्यासारखं आहे," म्हणाली.

त्याचं गाव नदीकाठी होतं. पलीकडचा काठ अर्जेंटिनाचा. वडील वाळू काढणाऱ्या बोटींचे मेकॅनिक. आई तो लहान असतानाच गेलेली. गावच्या क्लबात तो चालायला लागल्यापासून खेळत होता आणि एकोणिसाव्या वर्षी युरोपात आला. त्याचे पणजोबा इटलीतून तिकडे गेले होते, म्हणून याला इटालियन पासपोर्ट मिळाला. टीममध्ये परदेशी खेळाडू किती घ्यायचे याला मर्यादा असते, त्यामुळे युरोपचा पासपोर्ट असलेला दक्षिण अमेरिकन मुलगा क्लबांना सोयीचा पडतो. "माझं पहिलं कॉन्ट्रॅक्ट पणजोबांनी मिळवून दिलं," असं तो म्हणायचा.

तो गार्ड होता. चेंडू पुढे न्यायचा, कोण मोकळा आहे ते बघायचं आणि त्याच्या हातात तो नेमका द्यायचा, हे गार्डचं काम. बास्केट दुसराच करतो आणि टाळ्याही त्यालाच मिळतात. हे त्याने मला आमच्या स्वयंपाकघरात मीठदाणी आणि लोणच्याच्या बरण्या मांडून समजावलं. मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच आहे, ऑपरेशन चांगलं झालं की पेशंट सर्जनचे आभार मानतो, भूल देणाऱ्याचा चेहरासुद्धा त्याला आठवत नाही. तो इतका हसला, की ही बाहेरून बघायला आली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

लग्न कार्डिफमध्येच एका कम्युनिटी हॉलमध्ये झालं, बौद्ध पद्धतीने, अगदी साधं. त्याचे वडील आले होते. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. विधी होईपर्यंत ते हात जोडून उभेच होते, कोणी कितीही खुर्ची दिली तरी. नंतर त्यांनी मला घट्ट मिठी मारली आणि बरंच काही बोलले. मुलीने भाषांतर केलं, ते म्हणतायत, आता तुम्ही जवळ आहात, मी लांब आहे. मी मान हलवली. त्या वाक्याचं वजन तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग सुरू झाली त्यांची फिरती. क्लबांची कॉन्ट्रॅक्ट्स एकेका सीझनची. स्पेनमध्ये दोन गावं, मग इटली, मग रुमानिया, परत इटली. प्रत्येक ठिकाणी क्लबने दिलेला फ्लॅट, त्यात आधीच्या खेळाडूने टाकून दिलेली उशी नाहीतर कढई. सीझन संपला की आठवड्याभरात किल्ल्या परत. आमच्या मुलीने सुरुवातीला हे मजेत घेतलं. तिला पुढे भाषाशास्त्रात पीएचडी करायची होती, एका ठिकाणी जागाही मिळत होती. ती तिने आधी एक वर्ष पुढे ढकलली, मग आणखी एक, मग तो विषय बोलण्यातून गेला. ती लॅपटॉपवर इंग्रजीचे क्लास घ्यायची. ही दर वर्षी मसाल्याचे डबे घेऊन त्या त्या गावात जाऊन यायची. आमचा एक कुकर अजून इटलीत कुठेतरी आहे.

त्याच्या आयुष्यात एक मोठी संधी आली. स्पेनच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधल्या एका टीमच्या गार्डचं बोट मोडलं आणि तो बरा होईपर्यंत त्याच्या जागी त्या टीमने आमच्या जावयाला बोलावलं. त्याने वयाची तिशी नुकतीच ओलांडली होती. पहिली मॅच आम्ही घरी लॅपटॉपवर पाहिली. एवढं मोठं स्टेडियम, पार वरपर्यंत माणसं, आणि मध्ये हा. शेवटच्या काही मिनिटांत कोचने याला बाहेर बेंचवर बसवलंच नाही. हा चेंडू नेत होता, हात वर करून दुसऱ्यांना जागा दाखवत होता, आणि ती साडेसहा-सात फुटांची माणसं त्याचं ऐकत होती. टीम जिंकली. हिने कुणाला तरी सांगावं म्हणून रीडिंगच्या त्या मुलाच्या आईलाच फोन केला.

आम्ही लगेच तिकिटं काढणार होतो. पण हॉस्पिटलात तेव्हा माणसं कमी होती, मला सुट्टी मिळेना. पुढच्या शनिवारी जाऊ म्हणता म्हणता आम्ही पोचलो, तोवर त्यांचा मूळचा गार्ड बरा होऊन परत आला होता. जावयाने आम्हाला कोर्टाजवळच्या खुर्च्या मिळवून दिल्या होत्या. तो सगळी मॅच बेंचवर होता. टाइमआउट झाला की उठून दुसऱ्यांना पाणी द्यायचा, त्या मूळच्या गार्डच्या कानात काहीतरी सांगायचा. एकदा आमच्याकडे बघून त्याने हात केला. मोठ्या मैदानावर त्याला प्रत्यक्ष खेळताना आम्ही कधीच पाहिलं नाही. पुढे तशी वेळ आली नाही.

नात झाली तेव्हा मुलगी बाळंतपणाला कार्डिफला आली होती. त्यानंतर तिने स्पष्ट सांगितलं, की आता मला एक घर हवंय, मुलीला एक शाळा हवीय. त्याने मान्य केलं. इटलीतलं कॉन्ट्रॅक्ट संपवून तो इकडे आला. पण तोवर ब्रेक्झिट झालं होतं. ज्या पासपोर्टवर तो सगळीकडे फिरला, तो इथे काही कामाचा राहिला नव्हता. बायको ब्रिटिश असूनही व्हिसाच्या कागदांना महिने लागले. इथल्या लीगमधल्या ज्या टीमने त्याला घ्यायचं म्हटलं होतं, तिने वाट बघून दुसरा गार्ड घेतला. शेवटी त्याला खालच्या दर्जाच्या एका टीममध्ये जागा मिळाली. बरोबर शाळांमध्ये कोचिंग.

मॅच एका लेजर सेंटरमध्ये, म्हणजे गावच्या सार्वजनिक क्रीडा हॉलमध्ये व्हायची. जमिनीवर बास्केटबॉलच्या, बॅडमिंटनच्या, नेटबॉलच्या रेघा एकमेकींत गुंतलेल्या. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईवडील, गर्लफ्रेंड्स आणि मी. मी रिटायर झालो होतो, एकही होम मॅच चुकवत नव्हतो. त्याचे टीममेट दिवसभर नोकऱ्या करून यायचे. हा नेमका हातात द्यायचा आणि त्यांच्या हातून चेंडू निसटायचा. तो कधी चिडला नाही. उलट पाठीवर थाप मारून परत तसाच पास द्यायचा. मला मात्र आत कुठेतरी तुटायचं. एवढं येणारा माणूस, आणि ते घ्यायला समोर कोणी नाही.

घरी तो गप्प होत चालला होता. मुलीला कौन्सिलमध्ये चांगली नोकरी लागली होती, नात नर्सरीत जायला लागली होती, ही तिच्यासाठी वरणभात करून ठेवायची. आमच्या चौघांचं इथे नीट चाललं होतं. त्याचं तसं काही चुकत नव्हतं, भांडण नव्हतं. फक्त खिडकीशी बसून वडिलांशी फोनवर बोलताना त्याचा आवाज एकदम वेगळा, मोकळा यायचा, तेवढाच.

एका फेब्रुवारीत मॅचनंतर मी त्याला घरी सोडत होतो. पाऊस पडत होता. त्याने गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरली होती. त्याने सांगितलं, की गावच्या क्लबाने बोलावलंय. त्यांना मुलांची टीम बांधायची आहे, आणि जोवर गुडघा चालेल तोवर याने खेळावं. वडिलांना आता चालताना दम लागतो, हेही सांगितलं. आमच्या मुलीला विचारून झालं होतं. ती म्हणाली होती, मी आता कुठेही सामान हलवणार नाही. तिचंही बरोबर होतं, हे त्यानेच म्हटलं.

मग त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही परत का नाही गेलात?"

मी म्हणालो, "पाच वर्षांनी जाऊ, असं म्हणत होतो. मग मुलगी शाळेत गेली. मग आई गेली. त्यानंतर कोणाकडे जाणार?"

"वाईट वाटतं?"

"रोज नाही वाटत," मी म्हणालो.

 घर आल्यावर तो लगेच उतरला नाही. गाडीतच माझा हात धरून थोडा वेळ बसला आणि मग बॅग घेऊन आत गेला. मी त्याला जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. माझ्याकडे त्याला द्यायला खोटं उत्तर नव्हतं आणि खरं उत्तर आमच्याच घराच्या विरुद्ध जाणारं होतं. बापाने अशा वेळी काय करावं, ते मला अजून कळलेलं नाही.

तो उन्हाळ्यात गेला. एका सीझनपुरतं, असं ठरलं होतं. एअरपोर्टवर नात झोपली होती, तिला उठवायचं नाही म्हणून त्याने फक्त तिच्या बुटाची लेस बांधली. इकडच्या हिवाळ्यात त्याचे वडील वारले. तो जवळ होता. त्याने फोन करून मला सांगितलं, की वडिलांनी सगळ्या मॅचेस भिंतीला टेकून पाहिल्या, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. पुढच्या सीझनला गुडघ्याने साथ सोडली आणि खेळणं संपलं, तेही एका सरावाच्या दिवशी, कोणी बघत नसताना. पण तोवर मुलांची टीम उभी राहिली होती, आणि ती सोडून यायला त्याला जमेना. इकडे मुलीला जायला जमेना. एका वर्षाची दोन झाली. मग दोघांनी फोनवरच, आवाज न चढवता ठरवलं, की आता हे लग्न कागदावरही थांबवू. भांडले असते तर मी मध्ये पडलो असतो. पडायला जागाच नव्हती.

जयंतीच्या कार्यक्रमात अजून कोणीतरी विचारतं, "जावई काय म्हणतात?" ही म्हणते, "बरे आहेत. उरुग्वेला असतात." ते खोटं नाही. रीडिंगच्या त्या बाई आता सगळं जाणतात, त्या विषय बदलतात. मुलगा परका होता, म्हणून असं झालं, असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. आमच्या घरात परकं वाटू नये म्हणून त्याच्याइतके कष्ट कोणी घेतले नव्हते.

या वर्षी इस्टरच्या सुट्टीत तो नातीला भेटायला आला. शहरातल्या एका हॉटेलात उतरला. त्याच्यासाठी खोली आमच्याकडे आहे, असं ही फोनवर म्हणणार होती, पण म्हणाली नाही. एका दुपारी आमच्याकडे जेवायला आला. थोडा जाड झालाय, जिना चढताना कठडा धरतो. हिने वांग्याचं भरीत आणि भाकरी केली होती. त्याने हाताने, नीट, बोटांच्या पेरांपर्यंतच खाल्लं आणि ताट स्वतः धुतलं. नात त्याच्याशी स्पॅनिश बोलते, हिच्याशी मोडकंतोडकं मराठी. "आजी, माझा बॉल कुठे गेली?" तिने विचारलं, आणि "गेला" म्हणून तिला दुरुस्त केलं ते त्यानेच.

चार वाजता मुलगी नातीला न्यायला आली. ती आणि तो पॅसेजमध्ये उभे राहून काहीतरी बोलत होते. मध्येच दोघं एकदम हसले, जुन्या कुठल्यातरी गावाची गोष्ट असावी. मला स्पॅनिश येत नाही. आम्ही दोघं आतल्या खोलीत होतो. हिने टीव्हीचा आवाज कमी केला आणि ऐकत राहिली, जणू तिला सगळं समजत होतं.

तो गेल्यावर ही म्हणाली, "चांगला मुलगा होता हो."

"आहे," मी म्हणालो.

ती उरलेलं भरीत डब्यात काढायला लागली, मी ओटा पुसायला घेतला.