टीचर आणि शेवटचं रीळ

आमच्या टीचरांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. गास गावच्या शाळेत शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं, आणि सिनेमांचं वेड जबर. त्यातही नवरा-बायकोच्या भांडणाचे विनोदी सिनेमे. शाळा संपलेल्या आम्हा चार-पाच मुलींना घेऊन त्या सोपाऱ्याला मॅटिनीला जायच्या, पोट धरून हसायच्या आणि शेवट जवळ आला की छत्री उचलायच्या.

"उठा गं. इतका वेळ मोटार चालवणारी बाई आता चहा गाळायला बसेल." मागचे लोक खेकसायचे, टीचर ढिम्म. केळीच्या वाड्यांमधून परतताना उरलेली गोष्ट आम्ही रचायची, हा त्यांचा नियम. एकीला अर्ध्यात थांबवून दुसरीकडे वळायच्या, "पुढचं तू सांग." नायिकेला नुसती रडवली, तर पुन्हा सांगायला लावायच्या.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये घोषणा होते. कुणाची हरकत असेल, तर फादरना कळवायची. दोन रविवार झाले आणि मुलाकडून निरोप आला, लग्नानंतर नोकरी सोडावी. आई म्हणाली, दोनदा नाव वाचून झालंय, आता चारचौघांत शोभा नको. मी टीचरांकडे जाऊन रडले. त्यांनी रडू दिलं, मग एवढंच म्हणाल्या, "पुढचं तू सांग." मला त्यांचा भयंकर राग आला.

तिसऱ्या रविवारी मिस्साच्या प्रार्थनेआधी मी फादरना गाठलं.

"हरकत आहे," मी म्हणाले.

"कुणाची?"

"माझी."

फादरनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी आमचं नाव वाचलं गेलं नाही आणि दुपारपर्यंत गावभर बोभाटा झाला. संध्याकाळी नवरामुलगा सायकल हाणत आला. अट त्याच्या आईची होती, आपण फक्त गप्प बसलो, म्हणाला. मी म्हटलं, मग आता बोला. आईशी बोलून अट काढून टाकायला त्याला तीन आठवडे लागले. त्यानंतरच्या रविवारी तिसरी घोषणा झाली.

लग्नात पाहुणे पांगले, मांडववाला खुर्च्या उचलायला लागला, तरी टीचर मांडीवर छत्री घेऊन बसून होत्या. आज उठल्या नाहीत का, मी विचारलं.

"हा शेवट तू सांगितलेला. बघायला नको?"

काही वर्षांनी टीचर वारल्या. त्यांच्या नागपूरच्या भावाला कळवायचा ट्रंक कॉल माझ्याच बोर्डावर आला. मी तो लावून दिला, बोलणं संपेपर्यंत जागची हलले नाही, आणि मग रडले.